डॉ. साम्युएल हानेमान आणि पिवळी पूड

साबुदाण्याएवढ्या गोड, पांढऱ्या गोळ्यांचें औषध आपल्या खेडोपाडीं परिचयाचें आहे. त्या होमिओपॅथीच्या जनकाचें चरित्र प्रत्येकानें विचार करण्याजोगें आहे.

साम्युएल हानेमान ह्यांचा जन्म ता. १० एप्रिल १७५५ रोजीं जर्मनींतील मायसेन गांवीं झाला. वडील चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रें काढीत. घरीं गरिबी होती. तरी मुलानें भाषा शिकवून व भाषांतरें करून आपलें शिक्षण चालविलें, आणि १७७९ सालीं तो वैद्य झाला. त्या काळीं रोग्याचें रक्त काढणें व कडक जुलाब देणें हीच चिकित्सा असे. आपल्या हातून रोग्याचें अहित होतें, ही गोष्ट मनाला बोचल्यामुळें हानेमान ह्यांनीं वैद्यकी सोडली, आणि मुलाबाळांसह हाल सोसून भाषांतरावर निर्वाह केला.

१७९० सालीं त्यांनीं सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली. अंगांत हिंवतापासारखीं लक्षणें दिसलीं. त्यावरून, जें औषध निरोग्यास विकार करतें तेंच तसा विकार बरा करतें, असा सिद्धांत त्यांनीं बांधला. १७९२ सालीं क्लोकेनब्रिंग नांवाच्या वेड लागलेल्या गृहस्थास त्यांनीं न मारतां, न बांधतां, ममतेनें सांभाळिलें.

युरोपच्या रानांत लायकोपोडियम नांवाची जमिनीवर सरपटणारी वनस्पति आहे. तिच्या बीजुकांची पिवळी पूड गोळ्या चिकटूं नयेत म्हणून औषधविके वापरीत. तींत औषधी गुण फारसा नाहीं असें मानीत. हानेमान ह्यांनीं ती दुग्धशर्करेंत पुनःपुन्हां खलून अति सौम्य केली, व जुनाट रोगांवरील १८२८ च्या ग्रंथांत 'सोरा' नामक दडलेल्या दोषावरील औषधांत तिची गणना केली.

लिनेअस ह्यानें १७५३ सालीं हीच वनस्पति शेवाळांत घातली होती. पुढें सूक्ष्म परीक्षा होऊन ती शेवाळ नव्हे असें ठरलें, व शास्त्रानें चूक सुधारली. हानेमान ह्यांचें वर्गीकरण मात्र परीक्षेंत टिकलें नाहीं, तरी चालूच राहिलें. सिंकोना गुण देते, ती तींतील क्विनीन हिंवतापाचे जंतु मारतें म्हणून. अति सौम्य गोळ्यांचा गुण साध्या साखरेच्या गोळीहून अधिक असल्याचा भरंवशाचा पुरावा मिळत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन मंडळानेंहि २०१५ सालीं असाच निर्णय दिला.

हानेमान ता. २ जुलै १८४३ रोजीं पॅरिस येथें, ८८ व्या वर्षीं, मरण पावले. रोग्याविषयींची त्यांची कळकळ आणि स्वतःवर प्रयोग करण्याचें धैर्य आपण अवश्य घ्यावें. परंतु लेंकरास ताप भरला, पटकी झाली किंवा सर्प चावला, तर गोळ्यांची पेटी उघडीत बसूं नये. गाडी जुंपून तत्काळ इस्पितळ गांठावें. पारखून पाहण्याची वाट त्यांनींच दाखविली. त्याच वाटेनें त्यांचें औषधहि पारखावें, हाच त्यांचा खरा मान होय.