अल-ख्वारिझ्मी : ज्यांच्या नावावरून अल्गोरिदम आला

हल्ली घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, पोराला कोडिंगचा क्लास लावायचा का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आलं, तेव्हापासून तर जास्तच. भीमेकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावात घरी लॅपटॉप नाही म्हणून आईबाप आधीच हात टेकतात. आणि असलाच, तर तो मुलाच्या हातात जातो, मुलीच्या नाही. आम्ही शिक्षक अशा घरांना एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही, पण कोडिंगच्या पहिल्या धड्यात त्यांचं नाव येतंच.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी. जन्म अंदाजे इ.स. ७८०, इंतकाल ८५० च्या आसपास. नावावरून त्यांचं घराणं ख्वारिझमचं, म्हणजे आजच्या उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानकडचं समजतात. त्यांच्या घरच्यांविषयी जवळपास काहीच माहिती उरलेली नाही, उरलं ते काम. खलिफा अल-मामून (८१३ ते ८३३) यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये होते. त्यांनी ग्रहगणिताचे तक्ते केले, ते भारतातून गेलेल्या खगोलशास्त्राच्या आधाराने. भूगोलावरही लिहिलं, त्यात २४०० हून जास्त ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत.

त्यांचं एक पुस्तक हिंदी अंकांवर होतं. शून्य अरबांनी शोधलं असे मेसेज अधूनमधून फिरतात, ते मुलांना देऊ नका. शून्य आणि दशमान पद्धत आपल्याच देशातून तिकडे गेली. ख्वारिझ्मींनी ती अरबीत समजावून सांगितली आणि ती हिंदची आहे हे लपवलं नाही. त्यांचा मोठेपणा यात आहे. उर्दू शाळेतल्या मुलांना हे चटकन पटतं : उर्दू उजवीकडून लिहितात, पण आकडा लिहिताना हात मराठीसारखाच डावीकडून उजवीकडे जातो. या पुस्तकाची मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन तेवढी टिकली. त्यात लेखकाचं नाव अल्गोरिझ्मी असं झालं होतं. त्यावरून शब्द आला अल्गोरिदम, म्हणजे एखादं काम ठरलेल्या पायऱ्यांनी करण्याची रीत. कॉम्प्युटरला हेच लागतं. त्याला अंदाज येत नाही, डोळ्यांच्या इशाऱ्याने समजत नाही. पायरी सांगितली की तो ती करतो, राहिली तर राहिली.

दुसरं पुस्तक अल-जब्र वल-मुकाबला. अलजबरा हे नाव त्यातलंच. ते व्यवहारासाठी लिहिलं होतं : वारसा, मृत्युपत्र, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांचं खोदकाम. दहावीची मुलं वर्गसमीकरणाला घाबरतात. ख्वारिझ्मींकडे एक्स-वाय नव्हतंच, सगळं शब्दांत. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? दहाचे निम्मे घ्या, ५. त्याचा वर्ग २५. तो ३९ मध्ये मिळवा, ६४. वर्गमूळ ८. त्यातून ते ५ वजा करा. उत्तर ३. ताळा करून पाहा : ९ आणि ३० मिळून ३९. का असं करायचं, हे त्यांनी चौकोन काढून दाखवलंय.

पण आमचा आवडता भाग पुढचा आहे. पुस्तकाचा मोठा हिस्सा वारशाच्या हिशेबांचा आहे, आणि मीरासची तक्सीम आपल्या घरात कुणाला नवी नाही. मुलांना आम्ही हे उदाहरण देतो (ते आमचं, त्यांच्या पुस्तकातलं नाही). एक माणूस वारला, आई-वडील आधीच गेलेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, जास्तीत जास्त एक तृतीयांशपर्यंत. हे सगळं जाऊन २४ हजार रुपये उरले. आता विचारा, मूलबाळ आहे का? असेल तर बायकोला आठवा हिस्सा, नसेल तर चौथा. इथे आहे, म्हणून ३ हजार. राहिले २१ हजार. मुलाला दोन वाटे, मुलीला एक : १४ आणि ७.

कोडिंग यापेक्षा वेगळं नसतं. पायऱ्यांचा क्रम, आणि असेल तर हे, नसेल तर ते. कर्जाची पायरी विसरा, पुढचे सगळे आकडे चुकतात. बहिणीच्या ७ हजारांची पायरी तर कित्येक घरांत मुद्दाम गाळली जाते, आणि हिशेब तरीही बरोबर म्हणून दाखवतात. वर्गातल्या मुली हे लगेच पकडतात.

११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमध्ये या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं, आणि ते युरोपात पोहोचलं.

क्लासची फी भरण्याआधी घरी एक करून बघा. मुलीला कागद-पेन द्या आणि तक्सीमच्या पायऱ्या लिहायला सांगा, कुठल्याही कुटुंबाला चालतील अशा. मग धाकट्याला कॉम्प्युटर करा : कागदावर आहे तेवढंच करायचं, डोकं लावायचं नाही. त्याला असं घर द्या जिथे मूलबाळच नाही. तो कुठे अडतो ते पाहा, आणि ती पायरी मुलीलाच दुरुस्त करू द्या.