दादासाहेब फाळके आणि घराची साथ



पालक सभेत आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: चित्रकला आणि नाटकात वेळ घालवून मुलाचे पुढे काय होणार? अशा वेळी आम्हाला दादासाहेब फाळके आठवतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते, मुलाला ओढ चित्रांची. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण केले, छपाईचा व्यवसाय केला. भागीदाराशी मतभेद झाल्याने तोही सोडला. चाळिशीच्या सुमारास त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर यावेत, हा ध्यास घेतला.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले व कॅमेरा घेऊन परतले. लोक त्यांना वेडे समजत. पत्नी सरस्वतीबाईंनी मात्र दागिने दिले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि रात्री फिल्मला भोके पाडायची, ती धुवायची, ही कामे त्यांनी शिकून घेतली. स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती साळुंके नावाच्या तरुणाने केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

शेवट मात्र सुखाचा नव्हता. १९३१ मध्ये बोलपट आले आणि मूकपटांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हाती पैसा नव्हता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

म्हणून कलेत पैसा हमखास मिळतो, असे आम्ही पालकांना सांगणार नाही. पण घराने साथ दिली नसती, तर तो पहिला चित्रपट झालाच नसता. आमच्याकडूनही पूर्वी काही मुलांना नाटक सोडून अभ्यास कर, असे सांगितले गेले आहे. त्याची आज खंत वाटते.

विद्यार्थी मित्रहो, येत्या स्नेहसंमेलनात पडदा ओढणाऱ्या आणि पोशाख शिवणाऱ्या हातांसाठीही टाळ्या वाजवा. इंद्रपुरीतल्या आपल्या घरांतही अशा सरस्वतीबाई आहेत.