गाण्याला शाळेत आणणारे विष्णु दिगंबर

गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी पाणी भरावे, वर्षानुवर्षे सेवा करावी आणि गुरूची मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडावी, असा तो काळ होता. त्या काळात गाणे वर्गात, फळ्यावर आणि पुस्तकात आणण्याचे धाडस पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी केले.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या दारूने भाजून विष्णूची दृष्टी अधू झाली व शाळा सुटली. ज्याच्या हातून पुस्तक सुटले, त्यानेच पुढे गाण्याची क्रमिक पुस्तके तयार केली, हे केवढे नवल! मिरजेस संस्थानिकांच्या आश्रयाने पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी कसून तालीम घेतली.

गवयाच्या गळ्याला दाद मिळे, पण समाजात गवयाला मान नव्हता. हे शल्य उराशी घेऊन त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. काठेवाडपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत ते हिंडले. दरबारात गाणारा हा गवई आता तिकीट लावून सामान्य जनांसमोर गाऊ लागला.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखन, परीक्षा असे सारे तेथे शिस्तीत चाले. शिक्षक तयार व्हावेत म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. त्यातील विद्यार्थ्यांची राहण्याजेवणाची सोय विद्यालयच करी आणि त्या विद्यार्थ्यांनी पुढे शिकवायचे, असा करार असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य.

हा खर्च चाले कशावर? लोकांच्या देणग्यांवर आणि पंडितजींच्या गळ्यावर! ते गावोगाव मैफली करीत आणि मिळकत विद्यालयात ओतीत. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय सुरू झाले. पुढे कर्ज काढून तेथे स्वतःची इमारत उभी केली; पण कर्ज फिटेना. अखेर ती इमारत हातची गेली. नंतरची वर्षे त्यांनी नाशिकला रामनामात घालविली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून गुरूचे काम पुढे नेले. आजही गावोगावची मुले मंडळाच्या परीक्षांना बसतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फी भरायचा महिना आला की घरी काय होते, हे मी पाहतो. म्हणून उपदेशक वर्गातील त्या जेवणाच्या ताटाचे मोल मला कळते. आमच्या शाळेत गाण्याचे गुरुजी निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. पेटी कपाटात गेली आणि गाण्याच्या तासाला गणित आले. गणित हवेच, पण गाणे का नको?

पंडितजींनी एकट्याच्या गळ्यावर विद्यालय तोलून धरले. त्यांच्या त्यागाचे गुणगान आपण पुष्कळ करतो. परंतु एका माणसाने कर्जात बुडावे तेव्हाच मुलांनी गाणे शिकावे, यात समाजाचा मोठेपणा तो कोणता? शिक्षणाचा खर्च हा सर्वांचा खर्च आहे. शाळाशाळांतून गाण्याचा शिक्षक नेमला जाईल आणि त्याला वेळेवर पगार मिळेल, तेव्हाच पंडितजींचे ते कर्ज खऱ्या अर्थाने फिटेल.