विल्यम विल्बरफोर्स

आमच्या विद्यार्थ्यांनीं हें नांव इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळींत वाचिलें असेल. इंग्लंडांतील हल या बंदरीं, एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं, इ. स. १७५९ मध्यें विल्बरफोर्स यांचा जन्म झाला. एकविसाव्या वर्षींच ते पार्लमेंटचे सभासद झाले. मधुर वाणी, विपुल पैसा, आणि पुढें मुख्य प्रधान झालेल्या धाकट्या पिट यांची मैत्री. मग उणें तें काय राहिलें? परंतु १७८५ च्या सुमारास त्यांच्या अंतःकरणांत ख्रिस्ताविषयीं खरी श्रद्धा जागी झाली, आणि राजकारण सोडून एकांतांत ईशसेवा करावी असें त्यांस वाटूं लागलें. ते गुपचूप जॉन न्यूटन या पाळकांकडे सल्ल्यासाठीं गेले. हे पाळक तरुणपणीं गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते! पार्लमेंट सोडूं नये, असाच सल्ला त्यांनीं दिला. आमच्या मतें विल्बरफोर्स यांच्या चरित्राची किल्ली या भेटींत आहे.

कारण त्यांची श्रद्धा आतां व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत शिरली. इंग्रजांच्या चहांतील साखर वेस्ट इंडीज बेटांत गुलाम पिकवीत. आफ्रिकेंतून त्यांस जहाजांत खच्चून भरून नेत, आणि लिव्हरपूलसारखीं बंदरें त्या धंद्यावर गबर झालीं होतीं. तो बंद पडल्यास राष्ट्राचें दिवाळें निघेल, असें प्रतिष्ठित लोक म्हणत. टॉमस क्लार्कसन यांनीं बंदरोबंदर हिंडून खलाशांच्या साक्षी जमविल्या, व १७८९ मध्यें विल्बरफोर्स यांनीं हा प्रश्न पार्लमेंटपुढें मांडिला. १७९१ मध्यें ८८ विरुद्ध १६३ मतांनीं बिल फेटाळलें गेलें. तेव्हां हजारों कुटुंबांनीं ती साखर खाणेंच सोडिलें. (आपल्या इकडील स्वदेशीची आठवण येथें कोणास न होईल?) १७९६ मध्यें तर केवळ चार मतांनीं पराभव झाला, त्यांच्या पक्षाचे कांहीं सभासद त्या रात्रीं संगीत नाटकास गेले होते! अखेर १८०७ मध्यें २८३ विरुद्ध १६ मतांनीं कॉमन्स सभेंत जय मिळाला व गुलामांचा व्यापार बंद झाला.

१८१३ मध्यें कंपनीच्या सनदेनें मिशनऱ्यांस हिंदुस्थानचें द्वार उघडलें, त्यांतहि त्यांची खटपट मोठी. त्याच वर्षीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले होते. मात्र हा देश कधींहि न पाहतां आमच्या लोकांचें जें काळेंकुट्ट चित्र त्यांनीं त्या प्रसंगीं रंगविलें, तें आम्हांस पटत नाहीं. शिवाय मजुरांच्या संघांस बंदी करणाऱ्या १७९९ च्या कायद्यास चालना देणारेहि तेच. आफ्रिकन माणसाच्या स्वातंत्र्यासाठीं झटणाऱ्या या पुरुषास घरच्या मजुरांचें एकत्र येणें भयप्रद वाटलें, हें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

१८३३ च्या जुलैंत, गुलामगिरीच नष्ट करणारें बिल पार पडणार हें निश्चित झाल्याची वार्ता मृत्युशय्येवर त्यांच्या कानीं गेली. ता. २९ रोजीं त्यांचा देहान्त झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, मित्र पिट यांच्याजवळच, त्यांस पुरलें आहे. त्या कायद्यान्वयें मालकांस दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मिळाली. ज्यांनीं घाम गाळला त्यांस एक पैहि नाहीं. उलट उमेदवारीच्या नांवाखालीं १८३८ पर्यंत त्यांतील बहुतेकांस जुन्या धन्यांकडेच राबावें लागलें. कंपनीचा मुलूख तर त्यांतून वगळलाच होता. येथील गुलामगिरीचा कायदेशीर आधार १८४३ मध्यें काढून घेण्यांत आला.