परळला डॉक्टर झाले, चीनच्या रणभूमीवर राहिले : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट

आपल्या भागात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की शेवटी एक नाव निघतंच. मुंबईचं के. ई. एम. मग रात्रीची गाडी, पिशवीत भाकरी-चटणी, रिपोर्टांची फाईल आणि सकाळी परळ. मीही चुलत्याला घेऊन तिथे आठ दिवस काढलेत. पेशंट वर वॉर्डात आणि आपण खाली जिन्यापाशी. त्या आठ दिवसांत शेजारच्या मेडिकल कॉलेजातली पांढऱ्या कोटातली पोरं रोज समोरून जायची. आपल्या सोलापूरचा एक पोरगा याच कॉलेजातून डॉक्टर होऊन परक्या मुलखातल्या लढाईवर गेला, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. घरी आल्यावर आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्यांचं नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की गाव जागं व्हायचं. १९३० साली याच सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिली. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. गाव असं पेटलेलं असताना त्या वयाच्या पोराच्या मनावर काय परिणाम झाला असेल, ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकीसाठी ते मुंबईला गेले. परळचं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून असलेलं के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालेलं. या कॉलेजाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं त्यांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर हिंदी माणसंच असावीत. इंग्रजाच्या राज्यात अशी अट घालायला धाडस लागतं. आजूबाजूला परळ-लालबागच्या गिरण्या, चाळी, कामगारांची वस्ती. कोटणीस इथून एम.बी.बी.एस. झाले आणि पुढच्या परीक्षेची तयारी करू लागले. सरळ वाटेने गेले असते तर मुंबईत नाहीतर सोलापुरात दवाखाना झाला असता. मोठ्या खटल्याच्या घराला हातभार लागला असता.

पण १९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. शहरं पडत गेली आणि माणसं लाखांनी मेली. चिनी फौजेत डॉक्टर नावालाच होते. तिथल्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी जुलै १९३८ मध्ये देशभर चीन दिन पाळायला लावून २२ हजार रुपये जमवले आणि रुग्णवाहिका पाठवायची सोय केली. आपणच पारतंत्र्यात, तरी दुसऱ्याच्या अडचणीला धावून जायचं असं ठरलं.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. वय २७. ठरलेली मुदत एका वर्षाची. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून बोट सुटली. वर्षभराने पोरगा परत येणार, याच हिशेबाने घरच्यांनी निरोप दिला असणार.

गुहेतला मुक्काम, राळ्याचा घास

सप्टेंबरच्या मध्यावर ही मंडळी दक्षिण चीनमधल्या कँटनला उतरली. पुढे शहरं पडत होती आणि हे मागे सरकत, वाटेत जखमींवर इलाज करत चुंगकिंगला पोचले. पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाशेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दि हुआ.

तिथून पुढे उत्तरेला येनानला जायचं होतं. निघायच्या तोंडावर घरून बातमी आली. वडील गेले. आपल्याकडे बाप गेला म्हटल्यावर माणूस हातातलं काम टाकून निघतो. सोबत्यांनीही परत जायला सुचवलं. कोटणीस गेले नाहीत. परतायची ही पहिली संधी होती.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. हा मुलूख म्हणजे पिवळ्या मातीचे उघडे डोंगर. डोंगराच्या कुशीत माती कोरून गुहा केलेल्या, त्यातच माणसं राहायची, त्यातच इस्पितळ, त्यातच शाळा. वरून जपानी विमानं बॉम्ब टाकायची, त्यामुळे इमारतीपेक्षा गुहाच बरी. थंडी अशी की पाणी गोठायचं. खायला मुख्य धान्य राळं. होय, आपलंच राळं, जे आपल्या आज्या-पणज्या कांडून भात करायच्या आणि आता आपल्या शेतातून जवळजवळ गेलं. परळच्या कॉलेजात शिकलेला हा डॉक्टर रोज राळ्याची पेज खाऊन शस्त्रक्रिया करत होता.

एक वर्ष सरत आलं. तब्येतीच्या कारणाने चोळकर आणि मुखर्जी परतले. अटल, बसू आणि कोटणीस मात्र १९३९ च्या शेवटी थेट आघाडीकडे निघाले. पुढे आजारपणाने अटलही परतले. बसूंना येनानला बोलावणं आलं. पाचातले कोटणीस एकटे शत्रूच्या पिछाडीच्या डोंगराळ भागात राहिले. वर्षाची मुदत कधीच संपली होती. परतायची ही दुसरी संधी, तीही त्यांनी घेतली नाही.

खेचरावरचा दवाखाना

लढाई म्हटलं की आपल्याला बंदूक आणि रणगाडा दिसतो. डॉक्टरचा तळ कसा असतो ते फारसं कुणी सांगत नाही. कोटणीसांचा तळ म्हणजे आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या. जपानी तुकडी येतेय असं कळलं की रातोरात इस्पितळ हलवायचं. औजारं आणि औषधं खेचरांच्या पाठीवर, जखमी माणसं स्ट्रेचरवर किंवा गावकऱ्यांच्या खांद्यावर. शस्त्रक्रियेची खोली म्हणजे एखादं देऊळ किंवा शेतकऱ्याचं घर. बाजूला दगड-मातीच्या भिंती, खाली दोन फळ्या जोडून केलेलं टेबल. वेढ्यामुळे औषध बाहेरून येत नव्हतं. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. जी औजारं मिळत नसत ती गावातल्या सुतार-लोहाराकडून करून घ्यायची.

१९४० च्या दुसऱ्या सहामाहीत मोठी लढाई झाली. जखमींची रीघ लागली. कोटणीस तेव्हा सलग ७२ तास झोपेशिवाय शस्त्रक्रिया करत राहिले. त्या एका लढाईत त्यांच्या तुकडीने ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले. कापणीच्या दिवसांत सलग दोन रात्री जागलेला शेतकरी सांगू शकेल की तिसऱ्या दिवशी हात कसे थरथरतात. इथे तर हातात विळा नव्हता, माणसाच्या जिवाची दोरी होती.

त्याच भागात आधी डॉ. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष चढून ते १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या नावाने चाललेल्या इस्पितळाचे प्रमुख म्हणून १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांची नेमणूक झाली. तोवर ते चिनी भाषा चांगली शिकले होते. त्याच भाषेत पोरांना डॉक्टरकी शिकवायचे, आणि त्यांच्यासाठी शल्यक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. सावळ्या रंगावरून आणि मायेवरून तिथले जखमी त्यांना काळी आई म्हणत, अशी आठवण तिकडे सांगतात. पुरुषाला आई म्हणावं, यातच सगळं आलं.

इस्पितळातच परिचारिका असलेल्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. इकडे मुंबईत, गिरगावपासून जवळच्या गोवालिया टँकवर, त्याच महिन्यात चले जावची हाक दिली जात होती. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले.

पण शरीर थकलं होतं. अपुरं खाणं, जागरणं आणि त्यात फिट येण्याचा आजार जडला. वरिष्ठांनी उपचारासाठी आघाडी सोडून जायला सांगितलं. ही तिसरी संधी. तीही नाकारली. ९ डिसेंबर १९४२ ला फिट आली ती शेवटचीच. वय ३२. पाठ्यपुस्तक अर्धवट, आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. खुद्द माओंनी शोकसंदेश लिहिला.

हिशेब कुणी चुकवला?

डॉ. बसू १९४३ मध्ये परत आले. पाच गेले होते, चार परतले. त्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. डॉक्टरांचं काम शांतारामांनी स्वतः केलं. त्यांचा राजकमल कलामंदिर स्टुडिओ कुठे, तर परळलाच. के. ई. एम. पासून चालत जाता येईल इतका जवळ.

सिनेमा तिथे संपतो, पण घरच्यांची गोष्ट संपत नाही. सोलापूरच्या घराने आधी कर्ता बाप गमावला आणि मग डॉक्टर झालेला पोरगा. तिकडे चिंगलानबाईंनी एकटीने मुलगा वाढवला. तोही डॉक्टरकी शिकत होता. १९६७ मध्ये, शिक्षण संपत आलेलं असताना, वयाच्या २४ व्या वर्षी वारला. बाई पुढे भारतात कोटणीसांच्या घरी येत राहिल्या. त्या २०१२ मध्ये वारल्या.

आता अवघड गोष्ट. याच चीनशी १९६२ मध्ये आपलं युद्ध झालं. २०२० मध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले. आपल्या तालुक्यांतली कितीतरी पोरं आज फौजेत आहेत आणि त्यांच्या आया रोज फोनची वाट बघतात. अशा वेळी चीनसाठी मेलेल्या माणसाचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे. कोटणीस कुणाची जमीन बळकवायला गेले नव्हते. ज्याच्या घरावर बाहेरचा चढून आला होता, त्याच्या जखमा बांधायला गेले होते. सरकारं बदलली, भांडणं झाली, तरी चीनमधल्या शिचियाच्वांग शहरात त्यांची समाधी आजही जपलेली आहे. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचं महापालिकेने स्मारक केलंय.

बाजारहाटाला, कोर्टकचेरीला आपण सोलापूरला जातोच. एकदा अर्धा तास काढून पोरांना ते घर दाखवा. आणि कधी कुणाला घेऊन परळला जायची वेळ आली, देव करो न येवो, तर समोरून जाणाऱ्या पांढऱ्या कोटातल्या पोरांकडे जरा निरखून बघा. त्यांच्यातलाच एक वर्षभरासाठी म्हणून गेला होता. त्याला घरी यायला तीन वेळा वाट मोकळी होती. तिन्ही वेळा समोर जखमी माणूस होता, म्हणून तो थांबला.