मासाच्चो

मासाच्चो (२१ डिसेंबर १४०१ – १४२८) हा इटलीतील प्रारंभिक प्रबोधनकाळातील एक श्रेष्ठ चित्रकार होता. रेखीय यथादर्शनाचा सुसंगत वापर आणि एकाच दिशेने येणाऱ्या प्रकाशात घडवलेल्या भरीव मानवाकृती यांमुळे पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. फ्लॉरेन्समधील 'पवित्र त्रैक्य' हे भित्तिचित्र त्याच्या प्रमुख कृतींपैकी एक मानले जाते.

जीवन

मासाच्चोचे मूळ नाव तोम्मासो. त्याचा जन्म फ्लॉरेन्सजवळच्या, आज सान जोव्हान्नी व्हाल्दार्नो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावी झाला. मासाच्चो हे त्याचे टोपणनाव असून त्याचा अर्थ साधारणपणे 'गबाळा तोम्मासो' असा होतो. १४०६ मध्ये त्याचे वडील वारले. त्याचा धाकटा भाऊ जोव्हान्नी हाही पुढे चित्रकार झाला.

जानेवारी १४२२ मध्ये मासाच्चोने फ्लॉरेन्समधील वैद्य व औषधविक्रेते यांच्या श्रेणीत प्रवेश घेतला. त्या काळी चित्रकारांची नोंदही याच श्रेणीत होत असे. त्याच वर्षाचे सान जोव्हेनाले येथील वेदीचित्र ही त्याची सर्वांत आरंभीची ज्ञात कृती होय. १४२६ मध्ये पिसा येथील कार्मेलाइट चर्चसाठी त्याने ८० फ्लोरिन मोबदल्यावर एक मोठे वेदीचित्र केले. त्याचे भाग पुढे विखुरले. मधला माता मेरी व बाल येशू यांचा भाग आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १४२७ च्या करनोंदीनुसार तो आई व भावासह राहत होता आणि कर्जबाजारी होता.

ब्रांकाच्ची चॅपेल

सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधील ब्रांकाच्ची चॅपेलचे काम मासाच्चोने ज्येष्ठ चित्रकार मासोलिनो याच्यासह केले. 'कराचे नाणे' या चित्रात येशू व त्याच्या शिष्यांच्या आकृतींना वजन आणि सावली आहे. आदम व हव्वा यांच्या हकालपट्टीच्या चित्रात लज्जा व आक्रोश थेट देहबोलीतून व्यक्त होतात. या दोघांच्या नग्नतेवर पुढील काळात पाने रंगवण्यात आली होती. ती १९८० च्या दशकातील जतनकार्यात काढण्यात आली. अपुरे राहिलेले हे काम फिलिप्पिनो लिप्पी याने सुमारे अर्ध्या शतकानंतर पूर्ण केले.

पवित्र त्रैक्य

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील हे भित्तिचित्र १४२५ ते १४२८ च्या दरम्यान रंगवले गेले. त्याची उंची सुमारे साडेसहा मीटर आहे. सपाट भिंतीवर चौकटींच्या अर्धवर्तुळाकार छताचे एक दालन रंगवलेले असून ते भिंतीत खरोखरच खोदलेले असावे असा भास होतो. या वास्तुरचनेवर वास्तुविशारद ब्रुनेल्लेस्की याचा प्रभाव स्पष्ट दिसतो. छताच्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, साधारणपणे प्रेक्षकाच्या दृष्टिरेषेवरच्या एका बिंदूत मिळतात. रेषा आखण्यासाठी ओल्या गिलाव्यावर कोरलेल्या खुणा आजही आढळतात.

क्रुसावरील येशूला मागे उभा असलेला देवपिता आधार देतो आणि दोघांच्या मध्ये कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा आहे. क्रुसाखाली मेरी व संत योहान उभे आहेत. मेरी येथे तरुण व सुंदर दाखवलेली नाही. ती प्रौढ स्त्री असून प्रेक्षकाकडे पाहत हाताने येशूकडे निर्देश करते. दालनाबाहेर दाता पतीपत्नी गुडघे टेकून बसले आहेत. मर्त्य माणसे असूनही त्यांचे आकारमान पवित्र व्यक्तींइतकेच ठेवलेले आहे, ही त्या काळी लक्षणीय बाब होती. सर्वांत खाली शवपेटीवर मानवी सांगाडा असून, पाहणाऱ्याचीही हीच गती होणार, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. अशा प्रकारे दृष्टी मृत्यूपासून प्रार्थनेकडे आणि तेथून तारणाकडे वर चढत जाते.

सुमारे १५७० मध्ये चर्चच्या नूतनीकरणात जॉर्जो व्हाझारी याने या चित्रापुढे नवी वेदी उभारली. आपल्या चरित्रग्रंथात त्यानेच या चित्राची प्रशंसा केली होती. चित्र नष्ट न करता झाकले गेल्यामुळे ते टिकले, परंतु जवळजवळ तीन शतके कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. १८६० मध्ये वेदी हलवताना ते उजेडात आले. त्याचा वरचा भाग भिंतीपासून सोडवून प्रवेशद्वाराच्या भिंतीवर बसवण्यात आला. सांगाड्याचा भाग मात्र १९५० च्या दशकाच्या आरंभी मूळ जागी सापडला आणि त्यानंतर दोन्ही भाग तेथेच पुन्हा एकत्र आणण्यात आले.

मृत्यू व प्रभाव

मासाच्चो रोमला गेला असता १४२८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मरण पावला. त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची वदंता पसरली होती. तिला पुरावा नाही. श्रेणीतील प्रवेशापासून मृत्यूपर्यंत त्याला जेमतेम सहा-सात वर्षे मिळाली. तरीही ब्रांकाच्ची चॅपेल पुढील पिढ्यांतील चित्रकारांची पाठशाळा ठरले. तरुणपणी मायकेलअँजेलोनेही तेथील चित्रांवरून रेखाटने केली होती.