संगीताला प्रतिष्ठा देणारे तपस्वी : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

एखादी विद्या राजवाड्याच्या भिंतींआड किंवा मोजक्या घराण्यांच्या तिजोरीत बंदिस्त राहिली, तर ती कितीही श्रेष्ठ असली तरी समाजाची होत नाही. हिंदुस्थानी संगीताची अशी अवस्था असताना ज्यांनी तिचे दरवाजे सर्वसामान्यांसाठी उघडले आणि गवयाला समाजात मानाचे स्थान मिळवून दिले, ते गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर होत.

पंडितजींचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावी वास्तव्य झाल्याने पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यामुळे सूर, ताल आणि भक्ती यांचे संस्कार घरातूनच लाभले. परंतु बालपणीच फटाक्याच्या दारूने चेहऱ्याला इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट खुंटली. उपचारांसाठी त्यांना मिरजेस नेण्यात आले आणि तेथेच आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

मिरज संस्थानच्या आश्रयाखाली त्यांना पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे थोर गुरू लाभले. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी कष्टाने संपादन करून बुवांनी ती महाराष्ट्रात रुजवली होती. त्यांच्यापाशी विष्णुपंतांनी सुमारे बारा वर्षे कठोर साधना केली. याच काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. एका समारंभाचे आमंत्रण विष्णुपंतांना आले. मात्र प्रत्यक्ष त्यांच्या गुरूंना, केवळ गवई म्हणून, वगळण्यात आले. दरबारात ज्यांच्या गायनाला दाद मिळते, त्यांना बरोबरीने बसण्याचा मान मात्र मिळत नाही, हे शल्य त्या तरुण शिष्याच्या मनात खोल रुतले. संगीताला आणि संगीतकाराला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, हा ध्यास तेव्हापासून त्यांना लागला.

1896 साली राजाश्रयाची सुखासीनता सोडून त्यांनी मिरजेचा निरोप घेतला. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. राजेरजवाड्यांच्या मैफलींवर विसंबून न राहता तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा प्रयोग त्यांनी या प्रवासात केला. श्रोत्याने पैसे देऊन गाणे ऐकावे आणि कलावंताने कोणाच्या मर्जीवर जगू नये, हा विचार त्या काळी नवाच होता.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. लोकवर्गणी आणि जलशांचे उत्पन्न हाच या संस्थेचा आधार होता. आरंभी कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही; तरीही पंडितजी ठरल्या वेळी वर्गात येऊन एकटेच तंबोरा जुळवून बसत, असे सांगतात. हळूहळू विश्वास वाढला आणि सुसंस्कृत घरांतील मुलेच नव्हे, तर स्त्रियाही संगीत शिकू लागल्या. निश्चित अभ्यासक्रम, वेळापत्रक, परीक्षा, पदवी आणि छापील पुस्तके या शाळेतील गोष्टी त्यांनी संगीतशिक्षणात आणल्या. स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके प्रसिद्ध केली. बंदिशींतील उत्तान शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजून, कुटुंबात बसून गाता येईल असे गाणे त्यांनी समाजापुढे ठेवले. निवडक शिष्यांना स्वतःजवळ ठेवून, त्यांच्या निवास-भोजनाचा भार उचलून, त्यांना शिक्षक व प्रचारक म्हणून घडविणारा उपदेशक वर्ग हे त्यांच्या कार्याचे सर्वांत दूरदर्शी अंग होय. अशा सामूहिक शिक्षणातून तानसेन निर्माण होणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाई. त्यावर, जाणते कानसेन निर्माण झाले तरी कार्य सफल झाले, अशी त्यांची भूमिका असे.

1908 साली मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली. परंतु तिच्यासाठी मोठे कर्ज काढावे लागले होते. जलशांसाठी अखंड भ्रमंती करून पंडितजी ते फेडत राहिले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गाण्याचे कार्यही चालूच होते. 1923 च्या काकिनाडा अधिवेशनात गायनाला हरकत घेतली गेली, तरी त्यांनी निर्भयपणे गीत पूर्ण केले. दरम्यान त्यांचे मन रामभक्तीत अधिकाधिक रमू लागले आणि अर्थार्जन मागे पडले. अखेर 1924 च्या सुमारास मुंबईची वास्तू धनकोंच्या देण्यापायी हातची गेली. आयुष्यभराच्या श्रमाचे दृश्य फळ असे डोळ्यांदेखत नाहीसे झाले. कोणीही खचून गेला असता. पंडितजी मात्र नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहून शिष्यांना शिकवीत आणि रामनामाचा प्रसार करीत राहिले. रघुपति राघव राजाराम ही धून घरोघरी पोहोचली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 21 ऑगस्ट 1931 रोजी, जेथे त्यांनी गुरुचरणी विद्या घेतली त्या मिरजेतच, त्यांची प्राणज्योत मालवली.

वास्तू गेली, कार्य मात्र गेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पं. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात विद्यालय काढले. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत चालविलेल्या विद्यालयात कुमार गंधर्वांसारखा कलावंत घडला. पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीतशिक्षणाची धुरा वाहिली. पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमातील प्रार्थनेला सूर दिला. पं. नारायणराव व्यासांनी ध्वनिमुद्रिकांद्वारे हे गायन घराघरांत नेले. पंडितजींचे सुपुत्र दत्तात्रेय वडिलांच्या निधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. या शिष्यांनीच त्यांना घडविले आणि पं. डी. व्ही. पलुसकर या नावाने ते रसिकांच्या हृदयात स्थिरावले. दुर्दैवाने 1955 साली, ऐन चौतिसाव्या वर्षी, त्यांचेही निधन झाले.

आज रत्नागिरीसारख्या सागरकाठच्या गावातील एखादी मुलगी सायंकाळी पेटीवर सूर धरून प्रारंभिक वा प्रवेशिका परीक्षेची तयारी करते, तेव्हा तिच्या पालकांना त्यात काहीही कमीपणा वाटत नाही. उलट अभिमानच वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे चित्र कल्पनेतही नव्हते. संस्था उभारणाऱ्या आणि चालविणाऱ्या प्रत्येकाने या चरित्राचे मनन करावे. दगड-विटांची वास्तू काळाच्या किंवा कर्जाच्या ओघात जाऊ शकते. परंतु निष्ठेने घडविलेली माणसे संस्थापकाच्या मागेही त्याचे कार्य पुढे नेतात. गवयाला समाजाच्या पंक्तीत सन्मानाने बसविणाऱ्या या नादतपस्व्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!